आमच्या फरगोची एक रबरी नळी



मालदांडी काढून झाली. कडब्याची गंजी लागली, कणसं खळ्यावर आली. आता पंधरा दिवस जरा उसंत. आणि उसंत मिळाली की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद निघतो: शेडातल्या फरगोचं काय करायचं?

राहायला आम्ही जुळे सोलापुरात, शेत दक्षिण सोलापूर तालुक्यात. शेडात एका अंगाला फवारणीचा ब्लोअर, दुसऱ्या अंगाला ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी, आणि मधे विटांवर उभी १९५६ची फरगो पिकप. तीस वर्षं झाली, हललेली नाही. लेकानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. यंदा त्यानं भंगारात निघालेल्या गाडीचं टाटा ४९७ इंजिन बघून ठेवलंय. म्हणतो, "पप्पा, महिन्याभरात गाडी चालू करून दाखवतो."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. कारण या गाडीचं इंजिन याआधी एकदा बदललेलं आहे, आणि त्या बदलाची किंमत आमच्या घरातल्या एका माणसानं स्वतःच्या पायानं मोजली आहे.

म्हणून आज पिकाचं नाही, इंजिनाचं लिहितो. जरा लांबेल, पण ज्याच्या शेडात जुनी गाडी, जुना ट्रॅक्टर आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

फरगो आली कुठून

फरगो हे नाव आता ऐकू येत नाही. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची डॉज ट्रक होती, तिलाच काही देशांत 'फरगो' म्हणून विकायचे. गाडी तीच, पुढची पट्टी वेगळी. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. आणि हा कारखाना काढणारा माणूस आपल्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात मन रमेना म्हणून त्यांनी फाटक यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेची ठेकेदारी घेतली, पुढे जहाजं, विमानं, साखर असं करत ते मोटारीपर्यंत पोचले. इंदापूरजवळचं वालचंदनगर त्यांचंच.

मोटारीचा कारखाना मात्र सहजी झाला नाही. सर विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकापासून सांगत होते, भारतात मोटार बनली पाहिजे. इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता. तोवर आपल्याकडे परदेशी कंपन्या फक्त सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या. जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला १९२८मध्येच असं काम सुरू केलं होतं. वालचंदशेठनी आधी फोर्डकडे बोलणी केली, ती फिसकटली. मग १९४०मध्ये क्रायस्लरशी करार केला. पण लढाईचे दिवस, परवानगीच मिळेना. कंपनी उभी राहिली १९४४मध्ये, आणि पहिली गाडी बाहेर पडली १९४७मध्ये. १९५३मध्ये सरकारनं धोरण ठरवलं की ज्याला गाडी इथं बनवायची आहे त्यानंच राहावं, नुसती जोडाजोड चालणार नाही. परदेशी जोडणीवाले निघून गेले, प्रीमियर राहिली. वालचंदशेठ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले.

आमच्या आबांनी म्हणजे आजोबांनी ही पिकप १९६४मध्ये जुनीच घेतली, एका टनाची. ज्वारी, करडई, तूर घेऊन सोलापूरच्या बाजारात जायची, येताना पेंड आणि खताची पोती आणायची. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. लग्नाचं वऱ्हाड तीच न्यायची आणि अडलेली बाळंतीणही तीच न्यायची.

एका रांगेत सहा

या गाडीच्या बोनेटखाली मूळचं पेट्रोल इंजिन होतं. सहा सिलिंडर, सगळे एका रांगेत. त्याला फ्लॅटहेड म्हणायचे, कारण व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बगलेला असायचे. वरचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. मिस्त्री ते तासाभरात काढायचा, काजळी खरवडायचा आणि पुन्हा बसवायचा. कॉम्प्रेशन कमी, सातच्या आसपास. त्यामुळे पेट्रोल कसलंही असो, चालायचं. लोक त्यात रॉकेलसुद्धा मिसळायचे.

एका रांगेत सहाच का? क्रँकशाफ्टवर सहा हात असतात, दोन-दोनच्या जोडीनं, १२० अंशांवर. पहिला आणि सहावा पिस्टन बरोबर वर जातात, दुसरा-पाचवा बरोबर, तिसरा-चौथा बरोबर. एकाचा हिसका दुसरा खातो. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. सहा बैलांचा नांगर बघितला असेल तर कळेल. सगळे एकदम जोर लावत नाहीत, पण नांगर कुठं थांबतही नाही. आबा सांगायचे, गाडी चालू असताना बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळत नसे. थोडं चढवून सांगत असतील, पण सहा सिलिंडरचं इंजिन शांत चालतं हे खरं.

जोर शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. पण तो मिळायचा इंजिन पळवलं तर, मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर. आणि पेट्रोल प्यायचं लई. पोत्यांनी भरलेली गाडी मोकळ्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट प्यायची, असा आबांचा हिशेब.

पेट्रोल सुटलं

१९७२चा दुष्काळ मी लहान होतो म्हणून मला आठवत नाही, पण आमच्या घरात त्याच्या गोष्टी रोजच्या जेवणात असायच्या. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेली. अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, पोरांनी सुकडी खाल्ली. आबांनी बैलजोडी विकली, पण पिकप ठेवली. कारण चारा लांबून आणावा लागायचा आणि भाडं मिळायचं.

त्यातून वर येतोय तोवर १९७३च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरला जाऊन भिडलं. त्याची झळ मंद्रूपच्या रस्त्यावरच्या पिकपला लागली. डिझेल त्या मानानं स्वस्त राहिलं, आणि डिझेल इंजिन तेवढ्याच तेलात जास्त लांब जातं. ज्याच्याकडे पेट्रोलची ट्रक, तो एकतर विकायला लागला किंवा इंजिन बदलायला लागला.

पीटरबरो ते मद्रास

इथं जरा मागं जाऊ. पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन घालायची कल्पना आपल्या मिस्त्र्यांनी काढलेली नाही. इंग्लंडमधल्या पीटरबरो गावात फ्रँक पर्किन्स आणि चार्ल्स चॅपमन यांनी १९३२मध्ये कंपनी काढली ती याच कामासाठी. तोवरची डिझेल इंजिनं म्हणजे धिम्या गतीची, अवजड धुडं. यांनी ठरवलं, इतकं हलकं आणि चपळ डिझेल करायचं की पेट्रोलचं काढून त्या जागी बसवता येईल. १९३७मध्ये त्यांनी पी-६ आणलं. सहा सिलिंडर एका रांगेत, बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पाच इंच, म्हणजे ४.७ लिटर. जोर ८३ हॉर्सपॉवर, २४०० फेऱ्यांवर. इंग्लंडमध्ये डॉजच्या ट्रकला ते बसायचं, आणि जुन्या पेट्रोल ट्रकवाल्यांसाठी बदलाचा वेगळा संच मिळायचा.

मद्रासची सिम्पसन कंपनी १८४० सालची, मूळची घोडागाड्या बनवणारी. तिनं १९५०च्या दशकात पर्किन्सची इंजिनं आपल्याकडे बनवायला घेतली. आपल्यातल्या बऱ्याच जणांना सिम्पसन हे नाव मॅसी फर्ग्युसनमुळे ठाऊक असेल. १९५९मध्ये मॅसीनं पर्किन्स कंपनी विकत घेतली, १९६०मध्ये मद्रासला टॅफे निघाली, आणि मॅसीच्या बोनेटखाली सिम्पसनचं इंजिन आलं. म्हणजे आपल्या बांधावर उभा असलेला तीन सिलिंडरचा मॅसी हा त्या पी-६चा भाऊबंदच.

कलम

१९७४च्या उन्हाळ्यात आबांनी मोडीत निघालेल्या एका ट्रकचं पी-६ विकत घेतलं. सोलापुरात एका गॅरेजात काम चाललं. मिस्त्री हाताचा चांगला होता, हे मी आजही म्हणतो. त्यानं लेथवर जाड पत्र्याची चकती कातून नवीन इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडलं. फाउंडेशन नव्यानं वेल्डिंग करून घेतलं. रेडिएटर पुढं सरकवला. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला. पेट्रोलपेक्षा दुपटीनं जास्त कॉम्प्रेशन असलेलं इंजिन फिरवायला जोरदार सेल्फ लागतो, तो बसवला, बॅटरी बदलली. नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत जायला वेगळी नळी ओढली. इथपर्यंत सगळं बरोबर.

द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल. डॉगरीजच्या खुंटावर आपण थॉमसन भरतो. खुंट खारं पाणी सोसतो, दुष्काळ सोसतो, वर आपल्याला पाहिजे तो माल येतो. पण खुंट जोमदार असला की वरची वाढही जोमदार होते, आणि मग छाटणी, खत, पाणी सगळ्याचा हिशेब बदलावा लागतो. कलम जगलं म्हणजे काम संपलं असं नसतं. आमच्या फरगोचं कलम जगलं. पहिल्या सेल्फला इंजिन धरलं, पेढे वाटले.

एक गंमत सांगतो. नवं इंजिन कागदावर जुन्यापेक्षा कमी हॉर्सपॉवरचं होतं. पण ओढ जास्त, आणि ती खालच्याच फेऱ्यांवर. जिथं जुन्याला दुसरा गिअर लागायचा तिथं हे तिसऱ्यात जायचं. मोकळ्या रस्त्यावर पळायचं मात्र कमी, कारण मागचं डिफरन्शियल पेट्रोलच्या फेऱ्यांच्या हिशेबाचं. आबांना पळवायची घाई नव्हती. त्यांना दिसलं एवढंच की गाडी जास्त ओढते. मग एका टनाच्या गाडीत दीड टन बसायला लागला, पुढे दोन टन.

वायपर बंद पडला

जून लागला, पहिला पाऊस आला आणि लक्षात आलं की वायपर हलत नाही.

जुन्या गाडीचा वायपर बॅटरीवर चालत नसे. तो इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालायचा. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की मंदावायचा, पाय सोडला की फडफड करायचा. वडील सांगतात, पोरांना त्याची फार मजा वाटायची. नवीन इंजिन बसल्यापासून तो बंद. आबांनी मिस्त्र्याला विचारलं. तो म्हणाला, "डिझेलला तसला वायपर चालत नाही, पुढच्या खेपेला करंटवरचा बसवू." सोलापुरात पाऊस पडतो तरी किती? आबा काचेवर तंबाखू चोळायचे, पाणी घसरून जायचं. विषय संपला.

ब्रेक जरा कडक लागतोय हेही त्यांना जाणवलं होतं. पण लायनर नवे होते, त्यांना वाटलं पाय बसेल. आपला भाग सपाट, गाडीला घाई नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

घाट

१९७५चा जानेवारी. आबा आणि धाकटे काका तुळजापूरकडून तुरीची पोती घेऊन निघाले. बावीस पोती, म्हणजे दोन टनांच्या वर. काका तेव्हा बावीस वर्षांचे, तालमीत जाणारे. तुळजापूर सोडलं की सोलापूरच्या बाजूला घाट उतरतो. पहिल्या वळणापर्यंत ठीक. दुसऱ्या उतारावर आबांनी ब्रेक दाबला. पेडल खाली जात होतं, पण गाडी थांबेना. दोन्ही पाय लावून आबा पेडलवर उभे राहिले. खालचा गिअर पडेना, गाडी वेग घ्यायला लागली.

काकांनी पायाजवळचा दगड उचलला आणि उडी मारली. मागच्या चाकाखाली दगड टाकायचा, असं क्लीनर करतात तसं. दगड घातला, चाक त्यावर चढलं आणि पलीकडे उतरलं ते काकांच्या उजव्या पायावर. आबांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. ती कलंडली, तूर रस्त्यावर सांडली. आबांना खरचटलं.

काकांना दुसऱ्या ट्रकमधून सोलापूरला आणलं. चार महिने खाटेवर. घोटा कायमचा आखडला, तालीम सुटली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. माझी सगळ्यात जुनी आठवण ती आहे: पडवीतली खाट, पांढरं प्लास्टर, आणि खाटेजवळ खाली बसलेले आबा. आबांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

नळी

कारण कळलं ते महिन्याभरानं. ओळखीचे एक ट्रक ड्रायव्हर काकांना भेटायला आले होते. सगळं ऐकून त्यांनी ब्रेकबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "वायपर चालत होता का ओ?"

नाही म्हटल्यावर ते शेडात गेले, बोनेट उघडलं आणि एक रबरी नळी हातात धरून दाखवली. तिचं एक टोक ब्रेकच्या बूस्टरला होतं. तिच्यातूनच एक फाटा वायपरला गेला होता. दुसरं टोक पूर्वी पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डला असायचं. आता ते लाकडाची खुंटी मारून बंद केलेलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथं आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते. पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. इंजेक्शनच्या पिचकारीचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या मागं ओढला की बोट आत खेचलं जातं, तशी ओढ मॅनिफोल्डमध्ये तयार होते. ही ओढ फुकटची. जुन्या गाड्यांनी तिच्यावर वायपर चालवला, आणि जड गाड्यांनी ब्रेक.

ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा दाबते. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. वीस सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरला आणि ओढ दोन तृतीयांश मिळाली, तरी दोनशे किलोच्या आसपास जोर होतो. म्हणजे तुम्ही पाय लावता तेव्हा तुमच्या पायाला दोन माणसांचा जोर आणखी मिळतो.

डिझेल इंजिनाला हवेची वाट अडवायची गरज नसते. जोर कमीजास्त करायचा तो डिझेल कमीजास्त सोडून. काही जुन्या डिझेल इंजिनांत गव्हर्नरसाठी एक झडप असायची, पण तिच्या ओढीवर ब्रेक भरवशानं चालत नाहीत. म्हणून कारखान्यातून निघालेल्या डिझेल गाडीत ही ओढ तयार करणारा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. मोडीतल्या ट्रकवरून इंजिन उतरवताना आमचा पंप कुठंतरी राहिला, आणि तो राहिलाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मिस्त्र्यानं नळी रिकामी दिसली म्हणून खुंटी मारली. बूस्टर नुसता डबा होऊन बसला. मोकळ्या गाडीला, सपाटीवर, पायाच्या जोरावर भागत होतं. दोन टन माल आणि घाटाचा उतार यांना ते पुरलं नाही.

वायपरनं हे सहा महिने आधी सांगितलं होतं. एकाच नळीवरची दोन कामं. एक बंद पडलेलं डोळ्यांना दिसत होतं, दुसरं बंद पडलेलं पायाला कळत होतं. आम्ही दोन्हीचा संबंध लावला नाही.

पुढची पन्नास वर्षं

वडिलांनी मग पंप मिळवून बसवला. आर.सी. बुकात इंजिनाचा नवा नंबर आणि 'डिझेल' ही नोंदही तेव्हाच करून घेतली. गाडी आणखी वीस वर्षं चालली, पण एका टनाच्या वर माल कधी भरला नाही.

तोवर रस्त्यावर टाटाचं राज्य आलं होतं. टाटांनी १९५४मध्ये डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढली, तीही सहा सिलिंडर एका रांगेतली. पुढच्या ट्रकांचं ६९७ इंजिन तुम्हाला माहीत असेल. ६ म्हणजे सिलिंडर, ९७ म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये. लेकानं बघून ठेवलेलं ४९७ म्हणजे त्याच बोअरचे चार सिलिंडर, पावणेचार लिटरचं.

हीच कथा लष्कराच्या जोंगाची. जबलपूरला १९६९पासून निस्सानच्या परवान्यावर बनलेली ही गाडी, तिच्यात जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. लष्करानं लिलावात काढल्या आणि शेतकऱ्यांनी, हौशी लोकांनी घेतल्या. पेट्रोलचा खर्च बघून अनेकांनी त्यात मिळेल ते डिझेल घातलं. जीपमध्ये, अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटॅडोरचं इंजिन घातलेलं तर आपण सगळ्यांनी बघितलंय. आता जुन्या गाडीला बॅटरी आणि मोटर बसवायचे संच आलेत. तिथंही प्रश्न तोच: मोटर हवा ओढतच नाही, मग ब्रेकला ओढ कुठून? त्यासाठी विजेवरचा वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. इंजिन बदलत गेलं, नळीचा प्रश्न जागेवरच आहे.

आमची वही

मागच्या रविवारी लेक आणि मी वही घेऊन बसलो. इंजिन कसं बसेल हे त्यानं आधीच काढलं होतं. मी म्हटलं, ते नको. जुनं इंजिन गाडीला काय काय देत होतं, ते आधी लिही. यादी अशी झाली:

१. वजन. नवीन इंजिनाचं वजन काट्यावर करायचं. पुढचे पाटे त्याप्रमाणे.

२. हादरे. चार सिलिंडर सहासारखे शांत नसतात. फाउंडेशनला चांगले रबर, नाहीतर जुनी चॅसी तडकेल.

३. फेरे. इंजिनाच्या फेऱ्या आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर जुळवून बघायचं.

४. क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट. ओढ वाढली की पुढचा कच्चा दुवा यातलाच एखादा.

५. थंडावा. आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंश असतात, रेडिएटर त्या हिशेबाचा.

६. सेल्फ, बॅटरी, वायरिंग. आणि डिझेलची परतीची नळी.

७. व्हॅक्यूम. अल्टरनेटरच्या मागं पंप जोडलेला मिळतो, तोच घ्यायचा. ओढ किती आहे ते गेज लावून बघायचं. मग गाडीत एक टन भरून, सपाट बंद रस्त्यावर ब्रेक तपासायचे. हे झाल्याशिवाय गाडी शेडाच्या फाटकाबाहेर जाणार नाही.

८. माल. इंजिन कितीही ओढो, गाडी एका टनाचीच. आकडा फळीवर रंगवायचा.

९. कागद. हे शेवटी लिहिलं, पण पहिलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल मालकानं मनानं करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओत जायचं. २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली, पण इंजिनात मोठा बदल झालेली गाडी तिच्यात बसत नाही. म्हणजे ती वाट आम्हाला १९७४लाच बंद झाली. कागद जमला नाही तर ही गाडी आमच्या बांधाच्या आतच फिरेल, हे लेकानं कबूल केलंय. आणि बांधाच्या आतसुद्धा सातवा मुद्दा सुटणार नाही. ब्रेक न लागणाऱ्या गाडीला शेत काय, रस्ता काय, सारखंच.

यादी घेऊन आम्ही काकांकडे गेलो. काका आता सत्तरीच्या पुढचे. काठी टेकत अंगणात आले, चष्मा लावून वही शेवटपर्यंत वाचली. लेकानं मोबाईलवर नवीन वायपरची मोटर दाखवली. "काका आजोबा, हा इलेक्ट्रिकचा वायपर. जुना काढून टाकू, पावसात कटकट नको."

काकांनी वही मिटली. म्हणाले, "पाऊस इथं पडतोय किती बे? गेज लाव, मोटरचा वायपरबी लाव. पण एका बाजूचा जुना वायपर तसाच राहू दे, नळीवरचा. गाडीत बसला की आधी तो हलवून बघायचा. हलला तर निघायचं."

लेकानं वहीत दहावा मुद्दा लिहिला. इंजिन पुढच्या आठवड्यात बघायला जातोय.

तोवर तुमच्या शेडात जुनी गाडी, ट्रॅक्टर, जीप असेल आणि तिचं इंजिन कधी बदललेलं असेल, तर एकदा बोनेट उघडा. खुंटी मारून बंद केलेली एखादी नळी दिसते का बघा. दिसली तर ती पूर्वी कुठं जात होती ते शोधा, आणि मगच चावी फिरवा.

राम राम.